भीती वाटते म्हणजे विश्वास कमी, असं नाही

ताई, प्रभूच्या नावाने सलाम.

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मला नीट समजलं की नाही ते तुम्हालाही कळेल. 2021 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तुमचे पप्पा गेले. घरात उपास होता, मंडळीत साखळी प्रार्थना चालू होती आणि तरीही ते गेले. तेव्हापासून दिवेलागणीला तुमची छाती धडधडायला लागते, हातांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही, आता आपलाही नंबर लागला असं वाटतं. ज्या रस्त्यावर ते हॉस्पिटल आहे त्या रस्त्याने तुम्ही जात नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. प्रार्थनागटातल्या एका भगिनीने मात्र सांगितलं की हा भीतीचा आत्मा आहे, विश्वास पक्का असता तर तो टिकलाच नसता, गोळ्या बंद करा आणि उपास धरा. तुमचे प्रश्न तीन आहेत. भिऊन मी पाप करते आहे का? गोळ्या सोडू का? आणि प्रार्थना करायची तरी कशी, कारण आता प्रार्थनेला बसायचीच भीती वाटते.

मी मंडळीत पाळक म्हणून काम केलं आणि त्यातला मोठा काळ मिशन हॉस्पिटलात रुग्णांजवळ बसण्यात गेला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री माणसं काय बोलतात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर नातेवाईक काय मागतात, हे मी जवळून ऐकलं आहे. जे लिहितो आहे ते तिथून आलेलं आहे.

गोळ्यांचं आधी सांगतो, कारण ते थांबू शकत नाही. आज रात्रीची गोळी घ्या. उद्याचीही घ्या. अशा त्रासावर ज्या गोळ्या देतात त्यातल्या बऱ्याच गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि त्या मध्येच एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असा त्रास होतो, भीती पुन्हा उसळते. मग आजूबाजूचे म्हणतात, बघा, आत्मा परत आला. आत्मा परत आलेला नसतो, औषध अचानक तुटलेलं असतं. हा घोळ मी इतक्यांदा पाहिला आहे की याबाबतीत मी मवाळपणे बोलूच शकत नाही. गोळी कमी करायची की बंद करायची, कधी आणि कशी, हे ज्या डॉक्टरांनी सुरू केली त्यांनीच ठरवायचं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ईसीजी तपासून झालं आहे का, हेही त्यांना विचारा. थायरॉइड वाढला किंवा रक्त कमी असलं तरी अशीच धडधड होते.

यात विश्वासाला धक्का लागतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हिज्कीया राजाची गोष्ट पुन्हा वाचावी. तो मरणाला टेकला होता, भिंतीकडे तोंड करून रडला, प्रार्थना केली. देवाने ऐकलं, आणखी पंधरा वर्षं दिली. आणि मग यशया संदेष्टा म्हणाला, अंजिरांची ढेप आणा आणि गळवावर बांधा. प्रार्थना ऐकली गेली होती, तरीही लेप लावायला सांगितला. दोन्ही एकाच देवाकडून. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी पाण्यासोबत थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि त्याच पौलाच्या सोबत लूक वैद्य फिरत होता. आपल्या महाराष्ट्रात तर मंडळ्या आणि दवाखाने हातात हात घालून वाढले. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेलं हॉस्पिटल हे त्याचंच एक उदाहरण. ख्रिस्ती माणसाने औषधाला अविश्वास म्हणावं, हे आपल्याच इतिहासाला धरून नाही.

आता पापाचा प्रश्न. तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल की बायबलात ‘भिऊ नको’ हे 365 वेळा आलं आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. व्हॉट्सअॅपवर हा आकडा सतत फिरतो. मोजायला बसलं तर तो भरत नाही, पण तो मुद्दा बाजूला ठेवू. हे शब्द खूपदा आले आहेत हे खरंच आहे. पण ते कुणाला, कधी आणि कोणत्या सुरात म्हटले गेले, ते पाहा. गरार सोडून बैर-शेब्याला आलेल्या इसहाकाला. मिसरात जायला कचरणाऱ्या म्हाताऱ्या याकोबाला. नासरेथातल्या मरियेला, देवदूत समोर उभा राहिल्यावर. करिंथात विरोध वाढला तेव्हा रात्री दृष्टान्तात पौलाला. वादळात बुडायला आलेल्या जहाजावर त्याच पौलाला पुन्हा. बहुतेक ठिकाणी त्या शब्दांना जोडूनच कारण येतं: मी तुझ्याबरोबर आहे. अंधारात दचकून उठलेल्या लेकराला आई म्हणते ना, घाबरू नको, मी आहे, तसा तो सूर आहे. आई त्या वेळी लेकराला गुन्हेगार ठरवत नसते. देवाच्या तोंडचं हे वाक्य लोक दुसऱ्याला दटावायला वापरतात, तेव्हा त्यातला जीवच काढून घेतात.

आणि गेथशेमाने, अटकेच्या रात्री येशूने जिथे प्रार्थना केली ती बाग? प्रभू येशू त्या रात्री घाबरला नव्हता असं म्हणायचं असेल तर मार्काचा चौदावा अध्याय फाडावा लागेल. तो कासावीस झाला, अतिशय कष्टी झाला. ‘माझा जीव मरणप्राय अतिखिन्न झाला आहे’ असं त्याने शिष्यांना उघड सांगितलं. तो जमिनीवर पडला. लूक तर त्याच्या घामाचे थेंब रक्तासारखे पडत होते असं लिहितो. थरथरणं हेच पाप असतं तर आपला तारणारा त्या बागेतच पापी ठरला असता. ही गोष्ट मी रुग्णांना मुद्दाम सांगायचो, कारण विश्वासू माणसं आजाराला जितकी भितात त्याहून जास्त आपल्या भीतीलाच भितात, आणि मग दोन ओझी वाहतात.

गेथशेमानेत आणखी एक गोष्ट घडते, आणि माझं सगळं सांगणं तिच्यावरच उभं आहे. येशूने मागितलं की हा प्याला माझ्यापासून टळो. तीनदा मागितलं, मत्तय सांगतो त्याच शब्दांनी. प्याला टळला नाही. पण तिसऱ्यांदा प्रार्थना करून तो उठला आणि झोपलेल्या शिष्यांना म्हणाला, उठा, आपण जाऊ. त्याला धरायला ज्या दिशेने मशाली येत होत्या त्या दिशेने तो चालत गेला. भीतीपासून सुटका म्हणजे काय, हे मला इथे दिसतं. काळीज धडधडायचं थांबेल असं वचन मला पवित्र शास्त्रात कुठे सापडलेलं नाही. भीती धनी होणार नाही, कुठे जायचं आणि कुठे नाही हे ती ठरवणार नाही, हे मात्र पानापानावर सापडतं. तुम्ही अंगातली धडधड जाण्याची वाट पाहता आहात, आणि ती गेली नाही म्हणून प्रार्थना फुकट गेली असं मानता आहात. तुमची सुटका कदाचित आधीच सुरू झाली असेल आणि तुम्ही तिला चुकीच्या जागी शोधत असाल.

‘भीतीचा आत्मा’ हे शब्द दुसरे तीमथ्य पहिल्या अध्यायातून घेतले जातात. देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिला नाही, तर सामर्थ्याचा, प्रीतीचा व संयमनाचा आत्मा दिला आहे, असं पौल तिथे लिहितो. हे पत्र कुठून लिहिलं आहे? तुरुंगातून. कुणाला? एका तरुण पाळकाला, ज्याची आसवं पौलाला आठवतात आणि ज्याला भेटायची त्याला ओढ लागली आहे. त्या आधीच्याच वाक्यांत तो तीमथ्याच्या आजीचा आणि आईचा निष्कपट विश्वास आठवतो, तोच तुझ्यातही आहे अशी खात्री देतो, आणि मग म्हणतो, तुझ्यातलं देवाचं कृपादान पुन्हा प्रज्वलित कर. तीमथ्यात कोणी वाईट आत्मा शिरला आहे असं त्यात कुठेही नाही. घाबरलेल्या लेकाला बाप धीर देतो आहे, बस.

आता जिथे खरी गाठ आहे तिथे येतो. तुमचं एक वाक्य मी परत परत वाचलं: ‘पप्पांसाठी इतकं मागितलं आणि मिळालं नाही, आता माझ्यासाठी मागून काय होणार.’ ताई, मला वाटतं तुमच्या संध्याकाळच्या धडधडीच्या तळाशी हे आहे. ज्याच्यावर विसंबायचं त्याच्यावरच भरवसा उरलेला नाही, आणि हे मोठ्याने म्हणायची चोरी आहे, कारण म्हटलं तर विश्वास कमी ठरतो.

प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय काढा. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. एवढंच एक वाक्य. लगेच पुढे पेत्राला तुरुंगात टाकलं, मंडळीने एकाग्रतेने प्रार्थना केली, देवदूत आला, बेड्या गळून पडल्या. एकच मंडळी, एकच राजा, एकच देव. पेत्र घरी आला आणि याकोब आला नाही. याकोबाच्या आईने त्या रात्री काय केलं असेल, ते शास्त्र सांगत नाही. कुणाचा विश्वास कमी पडला असंही सांगत नाही. कारणच दिलेलं नाही. मीही तुम्हाला पप्पांच्या बाबतीत कारण देणार नाही. 2021 च्या त्या दोन महिन्यांत ऑक्सिजनसाठी, खाटेसाठी माणसं दारोदार फिरत होती, त्यात विश्वासणारेही गेले आणि पाळकही गेले. तुमच्या घरच्या उपासात काही उणीव राहिली म्हणून पप्पा गेले असं जो म्हणेल, तो ज्याला माहीत नाही ते बोलतो आहे.

मग रागाचं काय करायचं? तो देवापुढे मांडायचा. बेथानीत लाजर मेल्यावर मार्था येशूला सामोरी गेली आणि पहिलंच वाक्य बोलली ते तक्रारीचं: आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने तिची बहीण मरिया आली, तिनेही तेच शब्द उच्चारले. दोघी बहिणी चार दिवस घरात एकमेकींना हेच म्हणत असणार. येशूने त्यांना अविश्वासू म्हटलं नाही. तो मरियेजवळ रडला. 88 वं स्तोत्र वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ असं काही येत नाही. असं स्तोत्र मंडळीने आपल्या उपासनेच्या पुस्तकात शतकानुशतकं जपलं, याचा अर्थच असा की देवाला असं बोललेलं चालतं. तुमची पहिली प्रार्थना कदाचित हीच असेल: प्रभू, मला तुझी भीती वाटते, तू पुन्हा घेऊन जाशील अशी भीती वाटते. ही प्रार्थना म्हणायला धीर लागतो. म्हणून झाल्यावर रडू येईल. येऊ द्या.

भीतीला नाव देणं किती मोठं काम करतं, ते एका म्हाताऱ्या बाबांमुळे माझ्या मनात पक्कं बसलं. गावाकडचे शेतकरी होते, दुसऱ्या दिवशी मोठं ऑपरेशन होतं. मला म्हणाले, पाळकसाहेब, जोरात प्रार्थना करा, भ्या वाटतंय. मी विचारलं, बाबा, भ्या नेमकं कशाचं? मरणाचं? त्यांनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाले, मरणाचं नाही हो, सोसायटीचं कर्ज काढलंय ते पोराला माहीत नाही. मी उठलोच नाही तर त्याच्या दारात नोटीस येईल आणि त्याला वाटेल बापानं फसवलं. बाहेरच्या बाकावर त्यांचा मुलगा डबा घेऊन बसला होता. आम्ही त्याला आत बोलावलं. बाबांनी आकडा सांगितला, कागद कोणत्या ट्रंकेत आहेत ते सांगितलं. मुलगा म्हणाला, एवढंच ना? मग तिघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली, ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ या ओळीला बाबांनी माझा हात दाबला. रात्री नर्स झोपेची गोळी घेऊन आली तेव्हा ते घोरत होते. मी जोरात प्रार्थना करून निघून गेलो असतो तर त्यांची भीती तशीच ट्रंकेत राहिली असती.

म्हणून तुम्हीही वहीत लिहा. ‘मला भीती वाटते’ असं नको, ते फार मोठं आणि धूसर आहे. ‘मी गेले तर मम्मीचं कोण पाहील’, ‘पप्पांना शेवटचं पाहता आलं नाही, मलाही कुणी पाहणार नाही’, असं लिहा. मग एकेक ओळ प्रार्थनेत घ्या. फिलिप्पैकरांस पत्रात पौल हेच सांगतो: चिंता करत बसू नका, आपली मागणी देवाला कळवा, आभारासह. कळवायची तर आधी ती काय आहे हे माहीत हवं. आणि ज्या ओळीवर माणसाने काही करता येईल तिथे करा. मम्मीच्या नावाने कागदपत्रं, नॉमिनी, विमा नीट लावून घेणं ही अविश्वासाची खूण नव्हे. 1527 मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गात प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर शहर सोडून गेला नाही. त्या वेळी त्याने लिहिलं की मी देवाकडे रक्षणासाठी विनंती करीन, आणि मग घरात धुरी देईन, हवा शुद्ध करायला मदत करीन, औषध देईन आणि घेईन, आणि जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही. प्रार्थना आणि खबरदारी त्याने एकाच श्वासात लिहिली.

प्रत्यक्ष झटका येतो तेव्हा काय करायचं? त्या क्षणी लांब प्रार्थना जमत नाही, आणि जमली पाहिजे असा आग्रहही धरू नका. पेत्र पाण्यावर बुडायला लागला तेव्हा त्याची प्रार्थना एवढीच होती: प्रभूजी, मला वाचवा. आधी हे ओळखा की शरीराने खोटा भोंगा वाजवला आहे. डॉक्टर याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला पोहोचतो आणि मग उतरायला लागतो, तुम्ही काही केलं तरी आणि नाही केलं तरी. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीला टेकवा. नाकाने श्वास घेताना मनात म्हणा ‘प्रभू येशू’, आणि तोंडाने सावकाश, घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडताना म्हणा ‘माझ्यावर दया कर’. यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा बार्तीमय हेच ओरडत होता, आणि पूर्वेकडच्या मंडळ्यांतले साधक शतकानुशतकं श्वासासोबत हीच प्रार्थना करत आले आहेत. सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती हळूहळू खाली येते. देवाने शरीर असंच घडवलं आहे, त्याचा उपयोग करून घ्यायला संकोच कशाला?

थोडं उतरलं की 23 वं किंवा 121 वं स्तोत्र मोठ्याने वाचा. मनातल्या मनात नको. मोठ्याने वाचताना श्वास आपोआप लांब सुटतो, आणि आपलाच आवाज कानावर पडतो. ‘उपासना संगीत’ मधलं पाठ असलेलं गीत म्हटलंत तर आणखी चांगलं. दिवेलागणीलाच त्रास होतो असं तुम्ही लिहिता, तर त्या वेळेलाच घरात कुटुंब प्रार्थना ठेवा, मम्मीसोबत, पाच-दहा मिनिटं. आमच्या लहानपणी मिशन कंपाउंडात सात वाजले की घराघरातून गाण्याचे आवाज यायचे. टीव्हीने ती वेळ खाल्ली, आणि एकट्या माणसाच्या संध्याकाळा फार लांब झाल्या असं मला मनापासून वाटतं.

एक धोका मात्र नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या पत्रात त्याची खूण मला दिसली. तुम्ही लिहिता की रात्री प्रार्थना करताना मध्येच वाईट विचार आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता, कधीकधी तास-दोन तास जातात, आणि एखादं नाव राहिलं तर त्या माणसाला काही होईल असं वाटतं. ही प्रार्थना भीती घालवत नाही, तीच भीतीची चाकरी करते. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू केलं की क्षणभर बरं वाटतं, आणि मन शिकतं की धोका खरा होता, म्हणूनच तर पुन्हा म्हणावी लागली. दुसऱ्या दिवशी आणखी जास्त म्हणावी लागते. ल्यूथर मठात होता तेव्हा त्याचीही अशीच गत होती. तासन् तास पापकबुली देऊन बाहेर यायचा आणि काहीतरी राहिलं म्हणून परत जायचा. यातून तो सुटला तो अधिक काटेकोर कबुली देऊन नव्हे. देव आपल्याला कृपेने स्वीकारतो, आपल्या नेटकेपणाने नव्हे, हे रोमकरांस पत्रात त्याला सापडलं तेव्हा सुटला. तुमच्यासाठी पथ्य असं: रात्रीची प्रार्थना एकदाच. विचार आला तर येऊ द्या, पुढे चालत राहा. नाव राहिलं तर राहू द्या, देवाला ती माणसं ठाऊक आहेत. ‘आमेन’ म्हटलं की उठा. पहिले काही दिवस अंगावर काटा येईल, परत बसावंसं वाटेल. बसू नका. आणि हे सगळं डॉक्टरांनाही सांगा, कारण अशा पुन्हा पुन्हा करण्याच्या ओढीवर वेगळे उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो.

तो रस्ताही असाच घ्यायचा आहे. टाळलं की त्या संध्याकाळपुरती सुटका होते आणि भीतीचं राज्य एक चौक पुढे सरकतं. आज तो रस्ता, उद्या तो दवाखाना, परवा अँब्युलन्सचा आवाज आला तरी घराचं दार बंद. डॉक्टरांशी बोलून, बहिणीला किंवा मैत्रिणीला सोबत घेऊन, आधी त्या रस्त्याच्या टोकापर्यंत जा. धडधड वाढेल. तिथून पळायचं नाही, ती उतरेपर्यंत थांबायचं, मग परतायचं. पुढच्या वेळी फाटकापर्यंत. ‘प्रभू, भीती घालव, मग मी जाते’ असं म्हणू नका. ‘प्रभू, मी जाते, तू बरोबर चल’ असं म्हणा. मृत्युच्छायेच्या दरीतून जावं लागणार नाही असं 23 वं स्तोत्र कुठेच म्हणत नाही. फाटकाशी पप्पांची आठवण येऊन रडू कोसळलं तर ते दुःख आहे, आजार नाही. त्या वेळी तुम्हाला निरोप घेता आला नव्हता, तो तिथे घेता येईल.

मावशीने करणीचा विषय काढला असंही तुम्ही लिहिता. त्यावर मी फार शब्द खर्च करणार नाही. कोरोनाने गेलेल्या माणसाच्या मरणाला लिंबू-मिरचीवाला शोधायची गरज नाही, आणि ख्रिस्ती माणसाने तर त्या दारात जाऊच नये. कोणी उतरवून देतो म्हणून पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

किती दिवस लागतील, असं विचाराल. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. लहान वयात दुष्काळाने आईबाप हिरावलेली, भावाला आणि पतीला गमावलेली ती बाई. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून, रस्त्यावरून आणलेल्या शेकडो मुली-बायकांना ज्यांनी आधार दिला, त्यांची ही कबुली आहे. एका संध्याकाळच्या सभेत हात डोक्यावर ठेवला आणि सगळं गेलं, असंही काहींच्या बाबतीत घडतं, मी नाकारत नाही. पण बहुतेकांच्या बाबतीत ते हळूहळू उजाडतं. घाई करणाऱ्यांपासून जरा लांब राहा.

एकट्याने मात्र हे करू नका. येशूने गेथशेमानेत तिघांना बरोबर घेतलं होतं, इथे राहा, जागे राहा म्हणाला होता. तुमच्या मंडळीतल्या वडील बायकांपैकी जी कमी बोलते आणि ऐकून घेते अशी एक शोधा, आणि आठवड्यातून एकदा तिच्यासोबत बसा. तिने उपदेश करायचा नाही, सोबत म्हणायची ती प्रार्थना छोटी असावी. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या एका निरोपाने घाबरून रानात पळाला आणि झुडपाखाली पडून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं. देवदूताने हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवलं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा जेवू घातलं, कारण पुढचा प्रवास लांबचा होता. होरेब डोंगरावरचा देवाचा तो मंद स्वर त्यानंतर खूप दिवसांनी आला. म्हणून सध्या उपास धरू नका. रिकाम्या पोटी धडधड वाढते, आणि गोळ्याही त्रास देतात. संध्याकाळचा चहा कमी करा, नीट जेवा, वेळेवर पडा. एखाद्या रात्री फारच असह्य झालं, जीव नकोसा झाला, तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तो फोन लावणं म्हणजे देवाला सोडणं नव्हे.

राहिली त्या भगिनीची गोष्ट. तिच्याशी भांडू नका, तिचा हेतू वाईट नसावा. पण पुढच्या सभेत तिने पुन्हा विचारलं की गोळ्या बंद केल्या का, तर सरळ सांगा की नाही केल्या, डॉक्टर सांगतील तेव्हा करीन. आणि तिला खरंच मदत करायची असेल तर गुरुवारी त्या हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत तुमच्यासोबत चालत यायला सांगा.